लांबून ऐकायची पेटी

बाबी मेस्त्रीने मला फसवलं. चौतीस वर्षांपूर्वी त्याने एक जर्मन पायपेटी माझ्या गळ्यात मारली आणि तिच्यातली सुरांची एक अख्खी ओळ भेसूर निघाली. त्या पेटीच्या बदल्यात मी माझ्या हातच्या दोन नव्या कोऱ्या पेट्या त्याला दिल्या होत्या. कुडाळच्या बाजारात हे ज्याला माहीत नाही असा माणूस सापडणार नाही, कारण मीच प्रत्येकाला सांगितलं आहे.

माझं पेट्या दुरुस्त करायचं आणि विकायचं दुकान आहे. हा धंदा मला बापाकडून आलेला नाही. दशावतारी मंडळींच्या पेट्या टेम्पोत चढवता-उतरवता मी त्यांची पोटं उघडायला शिकलो. पायपेटी म्हणजे पायाने भाता मारायची मोठी पेटी, दोन्ही हात वाजवायला मोकळे. त्या जर्मन पेटीत एका पट्टीला पितळेच्या दोन जिभा वाजत. आमच्या धंद्यात दोन्ही एकजीव लागल्या पाहिजेत. तिच्यात दुसरी जीभ पहिलीपेक्षा केसभर चढी होती आणि त्यामुळे प्रत्येक सूर तापातल्या माणसासारखा थरथरत होता.

मी बाबीला बोलावून घेतलं आणि अंगणात चार माणसांदेखत नाही नाही ते बोललो. तो माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा, याच धंद्यातला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "झिला, जरा लांबसून आयक." चोर तो चोर, वर मलाच शहाणपण शिकवतो! मी त्याला फाटक दाखवलं. मग कानस घेऊन बसलो आणि एकेक जीभ मुळाशी घासत सूर उतरवत गेलो. शेवटचे सहा राहिले तेव्हा कानस मोडली. ते सहा तसेच ठेवले, पुरावा म्हणून. पेटी विकली नाही. कोणी बाबीचं कौतुक केलं की मी कापड बाजूला करून ते सहा सूर ऐकवायचो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मी जर्मनीला गेलो ते याच कामासाठी.

वाल्डॉर्फ

माझी मुलगी मंजू आठ वर्षं वाल्डॉर्फला आहे, सॉफ्टवेअरच्या कंपनीत. तिने तीनदा बोलावलं, तीनदा मी दुकानाचं कारण सांगितलं. चौथ्यांदा तिने डोकं चालवलं. म्हणाली, "बाबा, उत्तरेला समुद्रकाठी एक जुना नाचाचा हॉल आहे. नाटकगृहात असायचा तसला मोठा ऑर्गन तिथे अजून वाजतो. त्यावर म्हातारे लोक नाचतात."

मी लगेच विचार केला. जर्मन माणूस असली भेसूर ओळ कधी बनवणार नाही. बाबीनेच कुठली तरी दुसरी ओळ आत बसवली असणार. ते सहा सूर मोबाइलवर घ्यायचे, तिथल्या जाणकाराला ऐकवायचे आणि 'हे चूक आहे' असं कागदावर लिहून घ्यायचं. त्यावर सही-शिक्का मिळाला तर तो कागद दुकानात काच लावून टांगायचा. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमी कागद आणा, मी खिळो मारतंय. डोक्यात मारू की भितीवर, ता मगे बघू."

वाल्डॉर्फला पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. मंजूच्या कपाटाचं दार कुरकुरत होतं. मी हातोडी घेऊन बिजागरी ठोकायला बसलो. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या राहिल्या. रविवारी आवाज करायचा नाही, असा तिथला नियम. मंजूने चारदा माफी मागितली. मला म्हणाली, "बाबा, इथे काही करायच्या आधी विचारायचं असतं. प्लीज लक्षात ठेवा."

"दुरुस्ती करायला कोणाला विचारायचं? मोडायच्या आधी विचारतात," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

समुद्र

मंजूने सुट्टी काढली, जावई घरी राहिले, आम्ही दोघं गाडीने उत्तरेला गेलो. गाव लहान. एक रस्ता, चार हॉटेलं, समुद्रात लांबवर गेलेली लाकडी जेटी आणि तिच्या तोंडाशी पांढरा हॉल.

किनाऱ्यावर पाऊल ठेवायला तिथे पैसे मोजावे लागतात. मी त्या खिडकीतल्या पोराशी वाद घातला. म्हटलं, मी मालवणकडचा माणूस, समुद्र हा काय कोणाच्या बापाने खणलेला नाही. मंजूने त्याला जर्मनमधून काय सांगितलं देवाला ठाऊक, पण तो हसला आणि मला किनाऱ्याचा नकाशा फुकट दिला. मी तो घेतला. हाती लागलं ते सोडायचं नाही.

वाळूत वेताच्या छपराच्या जोडखुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, वाऱ्याला पाठ करून बसायला. एक रिकामी बघून मी बसलो. दहा मिनिटांनी एक म्हातारं जोडपं आलं आणि काही न बोलता समोर उभं राहिलं. खुर्चीला नंबर होता आणि तो नंबर त्यांचा होता. आपल्याकडे अशा वेळी "उठा की राव" असं तरी म्हणतात. हे नुसते उभे. मी उठलो तेव्हा बाईंनी मला पिशवीतलं एक सफरचंद दिलं. तोंडात आलेली शिवी मी त्या सफरचंदाबरोबर गिळली.

धक्क्यावर पावात घातलेला मासा मिळतो. कच्चाच, आंबवलेला, वर कांदा. मी बांगडा-पेडव्यावर वाढलेला माणूस, तरी पहिल्या घासाला डोळे मिटले. दुसऱ्या घासाला मात्र बरा वाटला. भाव करायला गेलो तर मंजू हळूच म्हणाली, "बाबा, इथे भाव करत नाहीत." मासेवालीने माझ्या तोंडाकडे बघून कांदा दुप्पट घातला. म्हणजे करतात.

पण समुद्राने माझी निराशा केली. बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. त्या दिवशी वाराही पडला होता. पाणी ताटातल्या पेजेसारखं पडून. मंजूला म्हटलं, "याला लाट कुठाय?" ती म्हणाली, "उद्या बघू."

शनिवार

हॉलची किल्ली फ्राऊ टीडेमान, म्हणजे टीडेमानबाई, यांच्याकडे होती. वय एक्याऐंशी, पाठ ताठ, केस आखूड, पायात नाचाचे मऊ बूट. बासष्ट वर्षं त्या हा ऑर्गन वाजवत होत्या. त्यांचे यजमान कार्ल तो सुरात ठेवत. ते जाऊन तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून शिडीवर कोणी चढलं नव्हतं.

हॉल मी अजून डोळ्यांसमोर आणू शकतो. पायाखाली फळ्या अशा की त्यात आपलं तोंड दिसावं. एका बाजूला सगळ्या खिडक्या समुद्राकडे. दुसऱ्या टोकाला घोड्याच्या नालेसारखं पांढरं बाकडं, त्यावर पट्ट्यांच्या तीन रांगा आणि रंगीत बटणं. आवाज तिथून येतच नाही. तो वर भिंतीतल्या खोलीतून येतो. तिथे शेकडो नळ्या उभ्या आणि समोर लाकडी झडपा.

बाईंनी वीज चालू केली. भिंतीच्या आत कुठेतरी एक लांब श्वास घेतला गेला. त्या वाजवायला बसल्या आणि माझे हात आपोआप जुळले, देवळात जुळतात तसे. एवढा मोठा भाता आणि एवढा हळू आवाज! पण मग त्यांनी एक बटण दाबलं आणि माझ्या दातांतून कळ गेली. तीच थरथर. बाबीच्या पेटीतली.

मी मंजूला म्हणालो, "सांग त्यांना, एक ओळ पार उतरली-चढली आहे. नवऱ्यामागे कोणी बघितलं नाही, दुसरं काय होणार."

मंजूने जर्मनमध्ये बरंच लांबवून काहीतरी गोड सांगितलं. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "मी सांगितलं, माझे बाबा हवेची वाद्यं दुरुस्त करतात, त्यांना तुमचा ऑर्गन आवडला."

बाईंचे डोळे चमकले. खालच्या तीन सुरांना हवा कमी पडत होती, चामडं फाटलं असावं, तेवढं बघता येईल का? मी माझी हत्यारांची पिशवी पाठीवरून खाली ठेवली. ती मी कुठेही नेतो. मेंढीचं पातळ चामडं, सरस, सुरी. दीड तासात चामडं चिकटवलं. बाईंनी सूर वाजवून बघितले, माझा गाल थोपटला आणि उद्याच्या नाचासाठी केक भाजायला घरी गेल्या. रविवारचा नाच हंगामातला शेवटचा होता. मग हॉल वसंतापर्यंत बंद.

आता मी जे केलं ते लिहितो.

खोलीत मी एकटा होतो. ती थरथरणारी ओळ समोर उभी होती, बारीक नळ्यांची. प्रत्येक नळीच्या डोक्यावर पत्र्याची टोपी. वर सरकवली की सूर उतरतो, खाली सरकवली की चढतो. दोन मिनिटांत मला कळलं. कानस नको, काही नको. बाईंना भेट द्यावी, असं मनात आलं. माझ्या स्वभावात भेट नाही, पण त्यांनी गाल थोपटला होता.

मी मंजूला पट्ट्या दाबायला बसवलं. ती म्हणाली, "बाबा, आधी त्यांना विचारूया का? फोन करते."

"आश्चर्य वाटू दे गं. दाब पुढची."

चोवीस नळ्या मी एकजीव केल्या. वरच्या टोकाच्या नळ्यांना शिडी पुरली नाही, त्या राहिल्या. खाली उतरलो तेव्हा मला वाटलं, कार्लसाहेबांचा आत्मा कुठे असेल तर आज शांत झाला.

रविवार

तीनला लोक आले. कोणी काठी टेकत, कोणी जोडीने, दोन विधवा बहिणी एकमेकींचा हात धरून. पुरुष इस्त्रीच्या शर्टात. प्रत्येकाची ठरलेली टेबलं, तिथेही नंबर नसतील कशावरून? प्लमचा केक, कॉफी. आपल्याकडे या वयाची माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसून सुनांची गाऱ्हाणी सांगतात. इथे ती नाचायला येतात.

पहिले दोन नाच जोरकस वाजले. मग बाईंनी एक संथ नाच सुरू केला आणि ते बटण दाबलं.

जोड्या फळ्यांवर आल्या आणि चालू लागल्या. चालूच लागल्या, नाचल्या नाहीत. आवाज शाळेच्या प्रार्थनेसारखा सरळ जात होता. एका म्हाताऱ्याने वर झडपांकडे बघितलं. एक बाई थांबली, मग तिची बहीण थांबली. मी ताठ बसून कौतुकाची वाट बघत होतो. फ्राऊ टीडेमाननी हात उचलले.

त्यांनी मंजूला काही विचारलं. मंजूचा चेहरा उतरला. "बाबा, त्या विचारतायत, लाट कुठे गेली?"

"कसली लाट? सूर लावले मी. सांग त्यांना, आता बरोबर आहे."

मंजूने सांगितलं. म्हाताऱ्या बाईंचं तोंड रडवेल्या लहान मुलासारखं झालं. त्या चिडल्या असत्या तर मी दुप्पट चिडलो असतो, ते मला जमतं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं, मला ओढत हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी नेऊन उभं केलं, आणि चालत परत बाकड्याकडे गेल्या. एवढं अंतर चालायला त्यांना वेळ लागला. सगळे थांबून होते.

आधी त्यांनी मधले सूर वाजवले, मी लावलेले. बरोबर होते. कोरडे होते. मग हात उजवीकडे सरकवून वरचे वाजवले, शिडी न पुरल्याने राहिलेले.

लांबून ती थरथर थरथर नव्हती. आवाज भिंतीतून निघून फळ्यांवरून येत होता, उंच होत होता, खाली बसत होता, परत उंच होत होता. मागे काचेपलीकडे समुद्र निपचित पडलेला आणि लाट हॉलमध्ये. माझ्या पायाची टाच वर झाली. मी कधी नाचलेलो नाही, लग्नाच्या वरातीतही नाही.

बाई बोलत होत्या आणि मंजू माझ्या कानाशी सांगत होती. "ती ओळ मुद्दाम केसभर चढी ठेवतात. कार्ल दर वसंतात दोन दिवस खपून ती तेवढीच, बरोब्बर तेवढीच चुकीची लावायचे. म्हणायचे, आमच्या समुद्राला लाट नाही, ती आपणच घालायची."

मी मंजूला म्हणालो, "विचार, मला एक तास देतील का."

विचारलं तर सगळ्या टेबलांवरून "या, या" असं आलं, म्हणजे त्यांच्या भाषेत हो, हो. मी शिडीवर चढलो. पण आत उभं राहून मला कळणार नव्हतं, मी जवळ होतो. म्हणून मी झडपेतून ओरडलो, "मंजू, त्यांना सांग, कान तुमचे, हात माझा!"

मग काय झालं ते असं. बाई एक पट्टी दाबून धरत. मी टोपी हळूहळू खाली सरकवत जाई. खाली पन्नास-साठ म्हातारी माणसं फळ्यांवर उभी राहून ऐकत. लाट बरोबर रुंदीची झाली की हात वर होत आणि कोणीतरी ओरडे, "गेनाऊ!" म्हणजे, अगदी बरोबर. एका सुरावर दोन आजोबांचं भांडण लागलं. एक म्हणे अजून, दुसरा म्हणे पुरे. मंजू वर ओरडली, "बाबा, थांबा, इथे भाव चाललाय!" शेवटी दोघांच्या मधला सूर ठरला. अशी घासाघीस मला कळते. चोवीस नळ्यांना पाऊण तास लागला. केक संपला होता, पण माझ्यासाठी एक तुकडा झाकून ठेवला होता.

बाईंनी तोच संथ नाच पुन्हा सुरू केला. या वेळी लोक चालले नाहीत. ती काठीवाली माणसंसुद्धा तरंगत गेली. त्या विधवा बहिणींतली धाकटी माझ्यासमोर येऊन झुकली. या नाचाला बायकांनी निवडायचं असतं आणि नाही म्हणायचं नसतं. मी तिच्या बोटांवर तीनदा पाय दिला. ती दर वेळी हसून काहीतरी म्हणाली. मंजू म्हणाली, "बाबा, ती म्हणतेय, दुरुस्ती छान करता." मग मंजूनेच माझे हात धरले. ती चालायला शिकत होती तेव्हा मी तिचे असे हात धरले होते, त्यानंतर कधी नाही.

सगळे गेल्यावर मी फ्राऊ टीडेमानना मोबाइल दिला. कागद, सही, शिक्का काही बोललो नाही. फक्त म्हटलं, हे सहा सूर ऐका, हे कसे आहेत ते सांगा.

त्यांनी मोबाइल कानाला लावला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, मला दंडाला धरून वीस पावलं लांब नेलं आणि तिथून ऐकलं. ऐकताना डोळे मिटले. माझ्या घरातल्या पेटीचे सहा सूर त्या रिकाम्या फळ्यांवरून आले. मोबाइलचा तो टीचभर आवाज, तरी लाट आली. बाई म्हणाल्या, ज्याने ही लावली त्याचा कान फार चांगला होता. बाकीचे सूर कुठे आहेत?

मंजूने मला भाषांतर करून सांगितलं. उत्तर काय देऊ असं विचारलं. मी मोबाइल उचलून खिशात घातला.

हॉटेलातून घरी फोन केला. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबीन सांगलेल्यान तुमका, लांबसून आयक म्हणान. तुमी तेका कधी इचारलात, कित्याक ता?"

कुडाळ

परत येऊन आठ दिवस झाले. पेटीवरचं कापड मी काढलं आहे. नळ्यांच्या टोप्या वरखाली करता येतात, पितळेच्या जिभांचं तसं नाही. मुळाशी घासलेलं पितळ परत येत नाही. सूर चढवायचा तर आता टोकाशी घासायचं, म्हणजे आणखी पातळ करायचं. काही टिकतील, काही तुटतील. कोणती तुटेल ते मला सांगता येत नाही, पण बाबीला सांगता येईल. तो ऐंशीचा होत आला आहे, पिंगुळीच्या रस्त्याला राहतो आणि ऐकायला त्याला अजून येतं, असं बायको म्हणते.

उद्या सकाळी पेटी टेम्पोत घालून त्याच्या दारात उतरवणार आहे. माफी मागेन. चार माणसांदेखत बोललो होतो, चार माणसांदेखत मागेन, तेवढी लाज मला आहे. पण ती मागून झाली की माझाही एक सवाल आहे आणि तो मी सोडणार नाही.

बाबी, तुला माहीत होतं. तू माझ्या अंगणात उभा होतास, मी काय करणार ते तुला दिसत होतं, आणि तू एक वाक्य बोलून फाटकातून निघून गेलास. त्या एक्याऐंशी वर्षांच्या बाईला माझी भाषा येत नव्हती, तरी तिने माझं मनगट धरून मला लांब नेऊन उभं केलं. तुझ्या हातात तेव्हा माझ्यापेक्षा जास्त जोर होता. चौतीस वर्षं तू माझ्या दुकानावरून बाजाराला गेलास, मी तुला चोर म्हणत राहिलो, आणि तू एकदाही आत येऊन माझी कॉलर धरली नाहीस. पेटीत तू मला फसवलं नाहीस. गप्प बसून फसवलंस.

का गप्प बसलास, बाबी? याचा जाब दे.